एका बाराची बंदूक

भात पोटरीला आलं की सिंधुदुर्गातल्या गावांमध्ये रात्रीचा एक वेगळाच व्यवहार सुरू होतो. कुणग्यांच्या कडेला माळे उभे राहतात, कुणी पत्र्याचा डबा बडवतो, कुणी मधूनच आरोळी ठोकतो. रानडुकरांचा कळप शेतात शिरला की खातो थोडं आणि तुडवतो फार. सकाळी पाहावं तर उभं भात आडवं आणि सुरणा-कणगीचा वाफा नांगरल्यासारखा उकरलेला. या राखणीत ज्याच्या घरी परवान्याची बंदूक, त्याला वाडीत मान. मालवणपासून दोडामार्गापर्यंत अशी जी बंदूक दिसते ती बहुधा एकनळी, आणि पुष्कळदा तर ठासणीची. एकदा बार काढला की संपलं. लागला तर लागला, नाही तर "बार फुकट गेलो" म्हणायचं आणि डुकराच्या पायांचा आवाज लांब जाताना ऐकत बसायचं.

ही एका बाराची बंदूक इथं कशी रुजली? शेतकऱ्यानं ती निवडली, की त्याच्यासाठी दुसऱ्याच कुणी निवडली? आज त्याविषयीच बोलायचं आहे.

हा प्रश्न मनात येतो तो दूरच्या एका देशामुळे. अमेरिकेत एका बाराच्या पिस्तुलानं शिकार करणारा एक हौशी वर्ग आहे. १९६३ साली रेमिंग्टन कंपनीनं एक्सपी-१०० नावाचं एकबारी पिस्तूल काढलं आणि १९६७ साली थॉम्सन-सेंटर कंपनीचं काँटेंडर बाजारात आलं. काँटेंडरची गंमत अशी की मूठ तीच ठेवून नळी बदलता येते. आज सशासाठी बारीक काडतूस, उद्या हरणासाठी रायफलीचं जाड काडतूस. नळी दहा इंची घ्यावी की चौदा इंची, गोळी किती वजनाची असावी, किती पावलांवरून झाडावी, याची चर्चा तिथं आपल्याकडच्या आंब्याच्या चर्चेइतकी रंगते. त्या शिकाऱ्याला एकच बार हवा असतो तो हौसेनं. जवळ जायचं, नेम धरायचा, एका गोळीत काम करायचं, यात त्याला आनंद असतो. आपल्याकडच्या माणसाच्या वाट्याला एकच बार आला तो मात्र हौसेनं नव्हे.

आधी शब्दांकडे पाहू, कारण शब्दांतच अर्धा इतिहास असतो. ‘बंदूक’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आली. ‘तमंचा’ तुर्कांकडचा. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे शब्द पोर्तुगीजांचे, म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्याच्या वाटेनं आलेले. आणि ‘ठासणी’? ती अस्सल आपली. ठासणे या क्रियापदापासून झालेली. परकी वस्तू घरात आली, पण ती वापरण्याची रीत आपण आपल्या भाषेत बोलवली, तो हा शब्द.

बंदूक या किनाऱ्याला नवी नव्हती. अफोंसो द अल्बुकर्कनं १५१० साली गोवा घेतलं आणि १५१३ च्या एका पत्रात त्यानं आपल्या राजाला कळवलं, की इथले कारागीर युरोपातल्या नामांकित कारागिरांच्या तोडीच्या बंदुका बनवतात. १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर जी बंदूक उतरली, ती गोव्याच्या किंवा मलाक्काच्या धाटणीची होती, असं शस्त्रांचे काही अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या या पट्ट्यातल्या लोहारकामाची कीर्ती कुठवर गेली होती पाहा! १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, तेव्हा या किनाऱ्यावर बंदूक येऊन शंभराहून अधिक वर्षं झाली होती.

पण ती बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे जळती वात. कानावर रंजक, म्हणजे बारीक दारू घालायची, चाप ओढला की वात रंजकेवर टेकायची आणि मग आतली दारू पेटायची. किल्ल्याच्या तटावर हे ठीक. शेताच्या माळ्यावर मात्र तोड्याची बंदूक म्हणजे डुकराला आगाऊ दिलेली वर्दी. जळत्या वातीचा वास वाऱ्यावर जातो, अंधारात तिचं टोक दिसतं. शिवाय आपला पाऊस. जून ते सप्टेंबर हवाच ओली. दारू ओली, वात ओली. ज्या महिन्यांत शेत राखायचं, त्याच महिन्यांत शस्त्र निकामी. त्यामुळे सामान्य कुणब्याचं खरं हत्यार पुष्कळ काळ भाला, कोयता, कुत्री आणि वाडीतले पंधरा-वीस गडी हेच राहिलं. शिमग्याच्या सुमारास गावच्या गाव पारधीला निघे, त्या प्रथेत बंदूक ही उशिरा आलेली पाहुणी आहे.

मग पिस्तूल का नाही? आकारानं लहान, नेण्याला सोपं, एकदाच उडणारं पिस्तूल तर तेव्हाही होतं. युरोपातले स्वार जिनाला पिस्तुलांची जोडी लटकवीत. पण शिकारीचं हत्यार म्हणून ते आपल्याकडे कधी रुजलं नाही, आणि त्याचं साधं कारण दारूत आहे. काळी दारू जळायला वेळ घेते. नळी लांब असेल तर ती आत जळते आणि गोळीला ढकलत राहते. नळी वीतभर असेल तर निम्मी दारू तोंडाबाहेर जाळ होऊन वाया जाते. वर नेम एका हातानं, खांद्याचा आधार नाही. तीस पावलांवर अंधारात हलणारं डुक्कर आणि हातात असं पिस्तूल, यापेक्षा धोंडा बरा. साहेबलोक हत्तीवरून वाघाच्या शिकारीला जात, तेव्हा एक जाडजूड पिस्तूल जवळ ठेवीत. त्याला हौद्याचं पिस्तूल असंच नाव पडलं. पण तेही शिकार करायला नव्हे. जखमी वाघ हत्तीवर चढून आलाच तर शेवटचा उपाय म्हणून. आपल्याकडे ना हौदा, ना त्या थाटाची शिकार. (हत्ती मात्र आता आले आहेत. २००२ पासून दोडामार्गाच्या बाजूला कर्नाटकातून उतरलेले रानटी हत्ती माडा-केळींचं काय करतात, हे तिथल्या बागायतदारांना विचारा.)

तोड्यानंतर आली चकमकीची बंदूक, पण तिच्यातही बाहेर ठिणगी पडून मग आत बार होई. यातला खरा बदल घडवला तो स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्यानं. अलेक्झांडर फोर्साइथ त्याचं नाव. धर्मोपदेश सांभाळून पाखरं मारण्याचा नाद. त्याची तक्रार अशी, की चकमकीचा जाळ दिसला की बार होण्याआधीच बदक सावध होतं. त्यानं आघातानं पेटणारं रसायन वापरण्याची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढं तांब्याची छोटी टोपी निघाली, तीच आपली ‘केप’. घोडा केपेवर आपटला की थेट आत ठिणगी. वात नाही, वास नाही, आणि थोडी काळजी घेतली तर पावसाचंही फारसं भय नाही. एका पाद्र्याच्या बदकांपायी कोकणातल्या शेतकऱ्याला भर पावसाळ्यात चालेल अशी बंदूक मिळाली!

केपेची ठासणीची बंदूक कोकणाला का मानवली, हे कळायला ती भरण्याची रीत पाहायला हवी. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा, मग गजानं ठासायचं. त्यावर छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. शेवटी मागं केप. सरावलेल्या माणसालाही यात निदान अर्धं मिनिट जातं, आणि समोर जखमी डुक्कर उलटलं असेल तर अर्धं मिनिट हे फार झालं. म्हणून पारधीत बंदूकवाला झाडाचा किंवा दरडीचा आसरा पाहून उभा राहतो आणि कुत्री सोडलेली असतात. पण या बंदुकीला कारखान्याचं काडतूस लागत नाही. दारू किती, शिसं किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पाखराला बारीक, डुकराला जाड. बिघडली तर गावच्या लोहाराकडे दुरुस्त होते. घरात पैसा नसताना चालणारं हे यंत्र.

फ्रान्समध्ये लफोशो नावाच्या कारागिरानं १८३० च्या दशकात मागून उघडणारी बंदूक काढली आणि १८६० च्या दशकापर्यंत आजच्या धर्तीचं काडतूस तयार झालं. दारू, छर्रे, बोळा आणि केप हे सगळं एका पुंगळीत. नळी मोडायची, पुंगळी घालायची, मिटायची. निवडीचा खरा प्रश्न इथं सुरू होतो, कारण आता माप आलं.

आपल्याकडं ‘बारा बोअर’ हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, पण बारा म्हणजे बारा काय? मिलिमीटर नव्हे, इंचही नव्हे. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोल गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं तर ती नळी बारा बोअरची. म्हणजे एक गोळी सुमारे अडतीस ग्रॅमची, आणि नळीचं तोंड साडेअठरा मिलिमीटरचं. आकडा वाढला की नळी बारीक, असा हा उलटा हिशेब.

मग काडतुसातला ऐवज. इंग्रजी मापाप्रमाणं एका औंसात एल. जी. चे सहा दाणे, एस. जी. चे आठ, आणि सहा नंबरचे दोनशे सत्तर. सहा नंबर पाखराला आणि सशाला. डुकराला तो म्हणजे राळ्यांचा मारा, कातडीखाली बोचतो आणि जनावर जखमा घेऊन रानात जातं. डुकराला एल. जी. किंवा एस. जी., तेही तीस-चाळीस पावलांच्या आत. पण रात्री काय येईल ते ठाऊक नसतं आणि नळी एकच. दुनळीवाला एका नळीत बारीक आणि दुसरीत जाड भरून ठेवतो. एकनळीवाल्याला आधीच ठरवावं लागतं. जाणते शिकारी जाड भरतात आणि ससा सोडून देतात.

काडतुसाच्या पुंगळीचाही प्रश्न होताच. जुनी काडतुसं पुठ्ठ्याची. आपल्या पावसाळी हवेत पुठ्ठा फुगतो. फुगलेलं काडतूस नळीत शिरत नाही, नाही तर शिरलं की निघत नाही. म्हणून पितळी पुंगळ्यांना भाव असे आणि त्या जपून पुन्हा पुन्हा भरल्या जात. नंतर प्लॅस्टिकची पुंगळी आली. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुढं तिथंच तयार होणारी ‘शक्तिमान’ काडतुसं महाराष्ट्रभर गेली.

रायफल का नको, असं कुणी विचारील. कोकणातली वस्ती पाहा. वाडीला लागून शेत, शेताला लागून दुसरी वाडी, मध्ये जांभ्याचा सडा आणि वर येणारी-जाणारी पायवाट. रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरभर पुढं जाते, आणि जांभ्यावर आपटून कुठं वळेल याचा नेम नाही. छर्रा शंभर-दोनशे पावलांत बळ हरवतो. सपाट नळीची बंदूक ही इथल्या भूगोलाचीच निवड आहे. रायफलीची कथा तशीही वेगळी. ३०३ ही सैन्याची गोळी, ती सामान्य माणसाला बंद, म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं मुद्दाम ३१५ ची शिकारी रायफल काढली. हे ३१५ चं काडतूस आज बातम्यांत भेटतं ते मात्र गावठी कट्ट्याच्या संदर्भात. एका बाराचं, काडतुसाचं, हातात मावणारं हत्यार आपल्या देशात खरोखर रुजलं ते हेच. त्यानं कुणी डुक्कर मारत नाही. माणूस मारतात, आणि फुटलं तर वापरणाऱ्याचा हातही जातो.

इथवर रान, पाऊस आणि खिसा यांनी निवड केली. यानंतर निवड करणारा आला तो कायदा, आणि माझ्या मते शेवटचा शब्द त्याचाच ठरला.

१८४४ साली कोल्हापूरच्या गडकऱ्यांच्या उठावाचं लोण सावंतवाडी संस्थानात आलं. फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे साथीदार मनोहरगड, मनसंतोषगडाच्या आसऱ्यानं लढले. ज्या रानात डुकराची पारध होते त्याच रानात हे झालं. अशा मुलखात घरोघर बंदुका असणं परक्या सरकारला कसं रुचावं? १८५७ नंतर धोरण आणखी आवळलं आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. युरोपियनांना सूट, आपल्याला परवाना. जंगली जनावरांपासून पीक आणि गुरं राखण्यासाठी परवाना मिळण्याची सोय त्यात होती. पण ती मेहेरबानी होती, हक्क नव्हता. त्यातून १८९७ साली पुण्यात चाफेकरांनी रँडला आणि १९०९ साली नाशकात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळी घातली. तेव्हापासून हातात मावणारं हत्यार म्हणजे राजद्रोह हे समीकरण सरकारच्या मनात पक्कं झालं असणार. हा कायदा लोकांना किती झोंबत होता, हे काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात दिसतं. मूलभूत हक्कांच्या त्या यादीत नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. त्याचं तेरावं कलम प्रत्येक शेतकऱ्यानं एकदा वाचावं असं आहे. स्वसंरक्षणासाठी किंवा शिकारीच्या हौसेसाठी नागरिकाला निदान वीस इंच नळीची, सपाट नळीची बंदूक. आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा परवाना अधिकाऱ्यानं द्यावा, असं ते सांगतं. पुढं पुस्ती अशी, की ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो दुसरी सपाट नळीची बंदूक देऊ शकतो. पिस्तुलाची नळी वीस इंच कुठून असणार? ते या दारातून आपोआप बाहेर पडलं. त्यासाठी निराळं, सबळ कारण दाखवावं लागतं.

गंमत पाहा. हौस असेल त्याला काडतुसाची बंदूक, गरज असेल त्याला ठासणीची! जिथं रात्री अंगावर येणारं जनावर आहे, तिथं कायद्यानं आधी पुढं केली ती शंभर-सव्वाशे वर्षं मागची चीज. यात सरकारचा विचार मी समजू शकतो. भरायला वेळ घेणारी, लपवता न येणारी बंदूक दंग्याधोप्यात कमी कामाची, म्हणून तीच दिलेली बरी. पण आपल्या जिल्ह्यातली घरोघरची ठासणी हे मागासलेपण नव्हे, ते या कलमाचं फळ आहे, एवढं तरी आपण ओळखायला हवं.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या मूळ मसुद्यात परवान्याच्या शिकारीला जागा होती, आणि मोठं जनावर रायफलीनंच मारावं, छर्ऱ्याच्या बंदुकीनं मारायचं तर खास परवानगी आणि एकच भरीव गोळी, अशी अटही होती. जनावर जखमी होऊन तळमळत मरू नये, हा तिचा हेतू उघड आहे. १९९१ च्या दुरुस्तीनं हौसेची शिकारच संपली. उरला तो पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला, वनखात्याच्या लेखी परवानगीनं, मारण्याचा मार्ग. २०२२ च्या दुरुस्तीनंतर डुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि परवानगीची वाट तशीच आहे. गवा पहिल्या अनुसूचीतला. त्यानं सगळं शेत चरलं तरी बंदूक खुंटीलाच. आणि मारलेलं डुक्कर सरकारच्या मालकीचं. जुन्या पारधीत हाकाऱ्यांपासून कुत्र्यांच्या मालकापर्यंत सगळ्यांचे वाटे पडत, म्हणून अख्खी वाडी रात्रभर राबे. वाटाच नाही तर हाकारा कोण देणार? राखणदार एकटा पडला तो इथं.

याच कायद्याचं चौतिसावं कलम म्हणतं, की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकानं आपलं नाव नोंदवावं आणि तिथं नवा परवाना वनखात्याच्या संमतीशिवाय देऊ नये. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. ते राखायला आहे प्रवाळ, मासे आणि समुद्रातलं जीवन. पण कलमाचं अक्षर धरलं तर मालवणच्या किनाऱ्यामागच्या वाड्यांमधली डुकराची बंदूकसुद्धा या समुद्राच्या हिशेबात येते!

आणखी एक गोष्ट सांगतो. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. सगळ्यांनाच त्या द्याव्या लागतात असं नाही, छाननी असते. पण शेतकऱ्याला खेपा चुकत नाहीत. आपल्या विधानसभेच्या निवडणुका पाहा : २००४, २००९, २०१४, २०१९, या चारही वेळा मतदान ऑक्टोबरात, आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला. हळवं भात कापायला येतं ऑक्टोबरात, गरवं नोव्हेंबरात. म्हणजे दर पाच वर्षांनी डुकरांच्या ऐन हंगामात बंदूक ठाण्याच्या कोठडीत आणि पावती मालकाच्या पेटीत. त्या दिवसांत माळ्यावर पुन्हा पत्र्याचा डबा येतो, आणि दिवाळी तोंडावर असल्यामुळे बाजारातून आणलेले सुतळी बॉम्ब. एक पेटवला की डुकरं पऱ्ह्यापलीकडे जातात आणि तासाभरानं, वारा पाहून, दुसऱ्या बाजूनं परत येतात.